खळबळताना बंद पडणारं मशीन

मला घाण सहन होत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. लोक म्हणतात, बाईंना स्वच्छतेची फार आवड. कसली आवड? आवड असणारी माणसं हसतमुखानं मोरी घासतात. मला नुसती किळस येते. बसमध्ये सीटवर कुणाच्या डोक्याच्या तेलाचा डाग दिसला तर मी डेपोपर्यंत उभ्यानं जाते. शाळेत मला पहिलीचा वर्ग असायचा. शेंबडं नाक दिसलं की आधी नाक, मग अ-आ-ई. आणि अशा बाईच्या वाट्याला लग्नानंतर एकोणीस वर्षांनी सासूबाईंच्या चादरी आल्या. देवाला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं?

सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर त्या धड उभ्या राहिल्या नाहीत. डोकं मात्र शाबूत होतं. माहेर-सासर दोन्ही कसबा पेठेतलं, त्यामुळे जीभही शेवटपर्यंत धारेवर. फक्त लघवीवरचा ताबा सुटला होता, आणि आठवड्यातून एखाद्या वेळी त्याच्यापुढचंही व्हायचं. डायपर आठवडाभर वापरून पाहिले. कातडी सोलवटून निघाली, तेव्हा डॉक्टरांनीच बंद करायला सांगितले. मग पलंगावर खाली रबरी कापड, त्यावर त्यांची जुन्या लुगड्यांची गोधडी आणि वर चादर. हे सगळं रोज सकाळी माझी वाट बघत असायचं.

तो काळ असा की कोथरूडमध्ये दर दुसऱ्या घरातला मुलगा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेलेला आणि दर तिसऱ्या घरातला कर्ता पुरुष स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलेला. आमच्याकडे दोन्ही होतं. धाकटे दीर तिकडे सॉफ्टवेअरमध्ये होते. आमचे यजमान वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पिंपरीच्या कारखान्यातून शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ घेऊन परत आले होते. तिथं त्यांनी अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्स सांभाळला. आता सांभाळायला उरले दोन पंखे, एक मिक्सर आणि मी.

धुण्याच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात हात जोडले. तुमचं दहा वर्षं धुतलं, पण हे नाही धुणार, म्हणाल्या, आणि गेल्या. तोंडदेखलं मी दोन शब्द बोलले, पण मनात म्हटलं, बाई, तुझी सुटका झाली, माझी कशी व्हायची? कारण मग धुणारी मीच होते. सकाळी सहाला नाकाला ओढणी बांधून मी मोरीत बसायची. त्या गोधडीवर गरम पाणी ओतलं की जो भपकारा उठायचा तो थेट टाळूत जायचा. दोनदा मी तिथंच ओकले. मग ओकलेलं धुतलं, मग गोधडी धुतली, मग आंघोळ करून शाळेत गेले. पिवळं वरण मला ताटात बघवेना. हाताला साबणाचा वास असायचा आणि त्याच्या खाली दुसरा वास. मुलांच्या वह्या तपासताना मी हळूच बोटं हुंगून बघायची. आठ महिने असे काढले.

शेवटी मी एका संस्थेचा फॉर्म घेऊन आले. येरवड्याच्या पुढे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक संस्था होती, तिचा. मला वाटलं होतं सासूबाई रडतील, आणि त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांनी फॉर्म चष्म्याजवळ नेऊन वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, "येरवड्याला? गुन्हा काय केला गं मी?"

यजमानांना हसू आलं. मला आलं नाही. मी सरळ सांगितलं की माझ्यानं आता हे होणार नाही. एक तर धुण्याची काहीतरी सोय करा, नाहीतर फॉर्म भरा. रविवारी दिरांचा फोन आला तेव्हा यजमानांनी त्यांना हे सांगितलं. दीर म्हणाले, आईला कुठंही पाठवायचं नाही, मी वॉशिंग मशीन घेऊन देतो. स्वतः येतो असं काही म्हणाले नाहीत. पण खोटं कशाला बोलू, मला तेव्हा दिरापेक्षा मशीनच हवं होतं. असं ठरलं की मशीननं चादरी निभावल्या तर सासूबाई घरी राहतील. हे बोलणं हॉलमध्ये झालं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलमधलं बोलणं सगळ्या घराचं असतं.

मशीन आलं. पुढून गोल काचेचं दार असलेलं, पांढरं शुभ्र. बाथरूमच्या बाहेर, सासूबाईंच्या दाराला लागून जो पॅसेज होता तिथं ते बसलं. बसवायला आलेल्या माणसानं घाण पाणी बाहेर टाकणारा पाइप बाथरूममध्ये नेऊन कमरेएवढ्या उंचीवर खिळ्याला अडकवून दिला. इथून पाणी मोरीत पडेल, पाइप इथंच राहू द्या, म्हणाला. पहिल्या दिवशी मी काचेसमोर स्टूल घेऊन बसले. मला न शिवता गोधडी आत गरगरत होती. आधी पाणी गढूळ झालं, मग फेस आला, मग ते पाणी गेलं. नवं पाणी आलं, कपडे खळबळले, पुन्हा पाणी बदललं. तासाभरानं मी दार उघडलं तर गोधडीला कशाचाच वास नव्हता. मी ती तोंडाशी धरली. इतकी सुखी मी लग्नाच्या दिवशीही नव्हते.

सासूबाईंना मशीन दिसायचं नाही, पण ऐकू यायचं. पलंगावर पडल्या पडल्या त्या त्याचे सगळे आवाज शिकल्या. आता भरतंय, आता घुसळतंय, आता पिळतंय. पिळून झालं की त्या आतून विचारायच्या, झालं का गं? मी म्हणायची, झालं. मग त्या पेपर उघडायच्या. दीड महिना घरात इतकी शांतता होती की यजमानांना करायला काही उरलं नाही.

मग एप्रिलमध्ये पाणीकपात आली. आमच्या सोसायटीत सकाळी एक तास पाणी, संध्याकाळी विचारू नका. यजमानांच्या अंगात कारखाना संचारला. घरातला एक थेंब वाया जाता कामा नये, असा फतवा निघाला. भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना, तांदळाचं पाणी गेटवरच्या कुत्र्याला. आणि मशीनचं पाणी? ते रोज बादल्याच्या बादल्या मोरीत जातं हे बघून त्यांचा जीव तळमळायला लागला. त्यांनी तुळशीबागेतून एक भला मोठा निळा टब आणला, बाथरूमच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवला, खिळ्यावरचा पाइप काढला आणि त्याचं तोंड टबाच्या तळाशी बुडवून ठेवलं. पाइप उसळून बाहेर येऊ नये म्हणून वर पाटा-वरवंट्यातला वरवंटा ठेवला.

मी म्हटलं, अहो, ते कसलं पाणी आहे ते तरी बघा. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. संडासातच ओतायचंय, तिथं कुठं अत्तर लागतं? पहिल्यांदा मी त्या टबात वाकून बघितलं. राखाडी पाणी, वर साय धरावी तशी साबणाची साय, त्यात केस आणि आणखी काय काय तरंगत होतं ते मी लिहीत नाही. झाकण नाही. उन्हाळ्याचे दिवस. दुपारपर्यंत त्या टबाचा वास स्वयंपाकघरात येऊन माझ्या शेजारी उभा राहायचा. यजमान डब्यानं ते पाणी उपसून संडासात ओतायचे, वर गॅलरी पुसायचे, आणि एक दिवस मी त्यांना तेच पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत घालताना पकडलं. झाडाला सगळं चालतं, म्हणाले. मला चालत नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी आमटीतला कढीपत्ता खाल्ला नाही, आणि यजमानांनी हे सगळं टेकडीवर फिरायला येणाऱ्या मंडळींना अभिमानानं सांगितलं.

त्याच आठवड्यात मशीन पहिल्यांदा थांबलं. धुऊन झालं होतं, साबणाचं पाणी गेलं होतं, आणि खळबळायला नवं पाणी घेता घेता ते अडकलं. पाणी येत राहिल्याचा आवाज बराच वेळ आला, मग टुकटुक वाजलं आणि लाल दिवा लागला. आतून प्रश्न आला, झालं का गं? मी म्हटलं, होतंय. बऱ्याच वेळानं दार उघडलं तर आत फेसानं माखलेली, अर्धवट धुतलेली, कोमट गोधडी. निव्वळ घाण परवडली. घाणीला साबणाचा सुगंध लागला की ती किती ओंगळ होते हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल. मी ती दोन बोटांनी ओढून काढली आणि पुन्हा मोरीत बसले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चाललं. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. आता यजमानांच्या चेहऱ्यावर तेज आलं. महिनोन्‌महिने घरात काही बिघडलं नव्हतं. त्यांनी व्होल्टेज मोजलं. स्टॅबिलायझर बदलला. स्पिरिट लेव्हल लावून मशीन एका बाजूला कलतंय असं ठरवलं आणि एका पायाखाली लग्नपत्रिकेची घडी घातली. नळाच्या जाळीत कचरा असेल म्हणून ती टूथब्रशनं घासली. तो ब्रश जुना होता असं ते म्हणतात. मी त्या दिवशी माझा बदलला. मग खालची झडप उघडून त्यांनी गाळणी बाहेर काढली आणि त्यातून जे निघालं ते डायनिंग टेबलावर पेपर पसरून त्यावर मांडलं. केसांचा एक ओला गुंता, दोन बटणं, एक हेअरपिन, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा काळपट बुळबुळीत गाळ. हे बघ, हे बघ, करत ते काडीनं मला एकेक दाखवत होते. अहो, आपण इथं जेवतो, एवढंच मी म्हणू शकले.

गाळणी स्वच्छ झाली, पण मशीन थांबायचं ते थांबतच राहिलं. शेवटी मी शाळेतूनच फोन करून मेकॅनिकला बोलावलं. यजमानांना ते लागलं, पण इलाज नव्हता.

आता इथं आमची रीत सांगायला हवी. बाहेरचा माणूस घरात येणार म्हटलं की आम्ही घर आवरतो. डॉक्टर येणार असले तरी आधी पेशंटची चादर बदलतो, मग तब्येत दाखवतो. मेकॅनिक दहाला येणार होता. शाळेत रजा टाकून आठपासून मी बाथरूमला लागले. तो टब आणि त्यातलं ते राखाडी सूप परक्या माणसानं बघितलं असतं तर मला मान वर करता आली नसती. यजमानांनीही चक्क मदत केली. टब रिकामा करून, घासून, गॅलरीत पालथा घातला. वरवंटा धुऊन जागेवर ठेवला. पाइप पुन्हा कमरेएवढ्या उंचीवर खिळ्याला अडकवला. फिनाइल टाकलं, उदबत्ती लावली.

मेकॅनिक अमरावतीकडचा होता, पुण्यात येऊन दोन-तीन वर्षं झालेली. चप्पल बाहेर काढून आला, पाणी मागितलं नाही. त्यानं मशीन रिकामंच लावलं. भरलं, धुतलं, पाणी सोडलं, नवं पाणी घेतलं, खळबळलं, पिळलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही अडखळलं नाही. मला मशीनचा संताप आला. सासूला पाहुण्यांसमोर जशी माया येते तसं ते वागत होतं. मेकॅनिकनं वाकून बाथरूममध्ये बघितलं आणि विचारलं, पाइप नेहमी इथंच असते ना?

"हो तर," यजमान म्हणाले.

मी तिथंच उभी होते. बोलायचं काय, की एरवी आम्ही तो गटारात बुडवून ठेवतो? मशीन तर मस्त चालून राहिली काकू, असं म्हणून तो गेला. तो जिना उतरेपर्यंत टब आपल्या जागी आला होता. दुसऱ्या दिवशी मशीन थांबलं.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. पुन्हा आठपासून आवराआवर, पुन्हा टब गॅलरीत, पुन्हा उदबत्ती. पुन्हा मशीन गुणी बाळासारखं चाललं. या वेळी मेकॅनिकनं मला बाजूला घेऊन विचारलं की तुम्ही यात नक्की काय धुता. दाखवणं भाग होतं. त्यानं गोधडी हातात घेऊन वजन केलं, उलटीपालटी केली. नाक मुरडलं नाही, हे त्याचं मोठेपण. मग म्हणाला, ही पाणी पिऊन घेते काकू, म्हणून खळबळायला मशीनले पाणी पुरत नसन. दुसरं काही दिसून नाही राहिलं.

झालं. निदान मिळालं. यजमान पॅसेजमध्ये उभे राहून मोठ्यानं म्हणाले, म्हणजे आईच्या कपड्यांमुळे होतंय हे. कारखान्यात मशीनच्या आवाजात बोलायची सवय लागलेली, त्यांना हळू बोलता येतच नाही. आणि मी, दोन आठवड्यांचं अर्धवट धुणं उपसून पिचलेली मी, सासूबाईंच्या उघड्या दारापासून तीन फुटांवर उभी राहून म्हणाले, "मशीनलासुद्धा झेपत नाही. मी तर माणूस आहे."

आतली पेपरची सळसळ थांबली.

रविवारी दिरांशी बोलणं झालं. मशीननं हात टेकले म्हटल्यावर दिरांनीही टेकले. बघा तुम्हाला जमेल तसं, म्हणाले. फॉर्म मी कपाटातून काढला आणि भरला. नाव, वय, आजार, जवळचा नातेवाईक. 'स्वतःचे विधी स्वतः करू शकतात का' अशी एक ओळ होती, तिथं 'नाही' लिहिलं. यजमानांची सही तेवढी बाकी होती. मे संपायच्या आत पोचवायचं असं आमचं ठरलं. सासूबाईंना अजून कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं.

आणि मग चमत्कार झाला. सोमवारी सकाळी मी नाकाला ओढणी बांधून खोलीत गेले तर चादर कोरडी. मी हात फिरवून बघितला. कोरडी ठणठणीत. मंगळवारी कडेला अगदी वाटीएवढा डाग, तोही वाळलेला. बुधवारी पुन्हा कोरडी. मी हरखून गेले. स्टाफरूममध्ये सांगितलं, की आमच्या सासूबाई सुधारतायत. यजमान म्हणाले, बघ, मी म्हणत नव्हतो? ते काय म्हणत होते ते मला आठवेना, पण भांडायचा मूड नव्हता. फॉर्मवर सही करायचं त्यांनी पुढे ढकललं आणि मीही आठवण केली नाही.

त्या दिवसांत मी जे जे बघितलं ते मी लिहिणार आहे, कारण मी आंधळी नव्हते. सासूबाईंचे ओठ फुटले होते. मी त्यांना तूप लावलं आणि म्हटलं, यंदाचा उन्हाळा फार आहे. चहा नको म्हणाल्या, पित्त होतं म्हणून. ताक नको, घसा धरतो. आमटी बाजूला सारून कोरडा भात दोन घास खायच्या. एरवी माझ्या चुका काढणाऱ्या बाई दोन-दोन तास काही बोलत नव्हत्या आणि मी त्या शांततेचंही सुख मानलं. रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी ठेवलेलं फुलपात्र झाकणासकट जसंच्या तसं भरलेलं असायचं. मी ते ओतून टाकायची आणि ताजं भरून ठेवायची. शिळं पाणी मला चालत नाही ना.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. यजमान सकाळी टेकडीवर गेलेले. सासूबाईंचं धुवायला काही नव्हतंच, म्हणून मी मशीनमध्ये फक्त आमचे कपडे टाकले. यजमानांचे चार शर्ट, माझ्या दोन साड्या, टॉवेल. गोधडी नाही, चादर नाही. मशीननं धुतलं, पाणी सोडलं, खळबळायला नवं पाणी घ्यायला लागलं, आणि घेतच राहिलं.

मी भाजी चिरत होते. विळी बाजूला ठेवली. म्हटलं, आता कोण पाणी पितंय रे बाबा? टेरिकॉटचे शर्ट?

काचेतून बघितलं तर वरून पाणी पडताना दिसत होतं, पण तळाशी काही साचत नव्हतं. मग हे जातंय कुठं? मी बाथरूममध्ये गेले. टब काठोकाठ भरला होता आणि पाणी काठावरून मोरीत ओघळत होतं. मशीन पाणी सोडत नव्हतं, पंपाचा आवाज बंद होता, तरी पाइपातून पाणी येतच होतं. मला आमची स्कूटर आठवली. शेजाऱ्यांच्या गाडीतलं पेट्रोल संपलं की यजमान आमच्या टाकीत रबरी नळी घालायचे, दुसऱ्या टोकानं एकदा तोंडानं ओढून ते टोक खाली बाटलीत सोडायचे. एकदा धार लागली की पेट्रोल आपोआप वाहत राहायचं. टोक वर उचललं की बंद.

मी वरवंटा बाजूला केला. त्या राखाडी पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. ओढणी नाही, काही नाही. साय बोटांना चिकटली, केस मनगटाला गुंडाळले, ओकारी आली ती मी गिळली. पाइप बाहेर काढला आणि वर उचलून खिळ्याला अडकवला. धार थांबली. बाहेर मशीनमध्ये पाणी चढायला लागलं, थोड्या वेळानं नळाचा आवाज बंद झाला आणि शर्ट खळबळायला लागले.

म्हणजे गोधडी नाही. गाळणी नाही, व्होल्टेज नाही, लग्नपत्रिकेची घडी नाही. अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्स सांभाळलेल्या माणसानं पाणी वाचवायला पाइप टबात बुडवला होता. साबणाचं पाणी सोडताना पंप एकदा धार लावून द्यायचा, मग मशीन वरून भरायचं आणि तेच पाणी खालून टबात पळायचं. आणि मशीन बघायला कुणी आलं की आम्ही दोघं मिळून ती चूक घासूनपुसून, उदबत्ती लावून लपवत होतो. मला नवऱ्याची किळस आली, खरंच आली. पाइप नेहमी इथंच असतो असं म्हणताना त्यांच्या शेजारी कोण उभं होतं हे आठवल्यावर माझीही आली.

हात तीनदा साबणानं धुऊन मी सासूबाईंच्या खोलीत गेले. मला घाई झाली होती. ही बातमी त्यांना सांगायची आणि त्यांच्या तोंडून लेकाचा उद्धार ऐकायचा, एवढंच मनात होतं. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी म्हटलं, आई, तुमच्या कपड्यांचा काही दोष नव्हता. तुमच्या चिरंजिवांनी पाइप टबात बुडवून ठेवला होता, म्हणून मशीन थांबत होतं. आता चाललंय. तुमची गोधडीसुद्धा धुईल.

त्या वळल्या. बाहेर मशीन पिळायला लागलं होतं. तो आवाज त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. जीभ टाळूला चिकटत होती, ती सोडवून घेत त्यांनी विचारलं, "गोधडीसुद्धा? नक्की?"

"नक्की."

"मग आता मी पाणी पिऊ का?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, प्या की, उशाशीच तर आहे. आणि मग मी त्या फुलपात्राकडे बघितलं. झाकण, झाकणावर काल संध्याकाळी मीच ठेवलेली तुळशीची दोन पानं, ती तशीच सुकलेली. आठवडाभर मी रोज हे भरलेलं फुलपात्र उचलत होते. किती दिवस, असं मी विचारलं. मेकॅनिक दुसऱ्यांदा येऊन गेला तेव्हापासून, म्हणाल्या. गोळ्यांपुरतं घोट-घोट घेत होत्या. चादर ओली झाली नाही तर कुणाला काय धुवावं लागणार, असा त्यांचा हिशेब. तो बरोबरच होता. कोरड्या चादरीवर हात फिरवून मी चार सकाळी हसले होते, आणि त्यांनी ते पलंगावरून बघितलं होतं.

मी त्यांना मानेखाली हात घालून उठवलं. इतक्या हलक्या झाल्या होत्या की मला उगीच जास्त जोर लागला. फुलपात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. घाईनं पिताना थोडं पाणी हनुवटीवरून ओघळून चादरीवर सांडलं. त्या दचकल्या, पिणं थांबवलं आणि पदरानं तो ओला ठिपका टिपायला लागल्या. राहू द्या आई, मी म्हटलं. आठ महिने नाकाला ओढणी बांधून त्यांच्याजवळ जाणारी मी, त्यांच्या तोंडाचा तो आंबूस वास अगदी जवळून घेत तिथंच बसून राहिले. मला ओकारी आली नाही. आली असती तर बरं वाटलं असतं.

मी पुन्हा फुलपात्र भरून पुढे धरलं. त्यांनी ते घेतलं, पण तोंडाला लावलं नाही. आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मी मान हलवली, तेव्हा प्यायल्या.